पाठ करून बसणारे बाबा

आईचा फोन आला तेव्हा मी ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये पोळ्या लाटत होते. “तुझे बाबा गेले व माय,” ती म्हणाली. अंगणातल्या स्टुलावर, झुडपांकडे तोंड करून बसल्या बसल्याच गेले... आईनं चहासाठी हाका मारल्या, ओ आली नाही, तरी तिला शंका आली नाही. बाबांच्या पाठीवरून कधी कोणाला काही कळलं होतं?

उमेदीची सगळी वर्षं फौजेत काढून बाबा मोहर्लीजवळच्या आमच्या गावी परतले, ते लोखंडी ट्रंक आणि सगळ्या जगावरचा संशय घेऊन. दूधवाला आज नवा का आला? कुत्रं गप्प का? आम्ही अंगणात जेवायला बसलो की ते ताट घेऊन आमच्याकडे पाठ करून बसत, नजर कुंपणापलीकडच्या झुडपांवर. तिकडे वाघ फिरतो हे खरं. पण गावातले बाकीचे बाप लेकरांकडे बघून जेवत होतेच की! मग माझाही संशय वाढत गेला. मुलगा हवा होता आणि मी झाले, म्हणून या माणसाला माझं तोंड बघायचं नसेल. माझ्या लग्नातही पंगत बसली आणि बाबा मांडवाच्या टोकाला, बाहेरच्या अंधाराकडे तोंड करून उभे. सासरच्यांनी नाकं मुरडली. मला रडूच फुटलं.

आई तरातरा त्यांच्याकडे गेली. “अजी, पोरगी रडून राह्यली. तिच्याकडं पाहा तरी!”

बाबा वळले नाहीत. “पहाऱ्यावरचा मानूस आपल्याच मानसाइकडं तोंड करून उभा राह्यते काय? ज्याले राखाचं, त्याच्याकडं पाठच असते.”

मला ते पटलं नाही. फौजी माणसाकडे सबबींना काय तोटा, असंच वाटलं. पुढेही कित्येक वर्षं वाटत राहिलं.

परवा, तेरवीनंतर पहिल्यांदाच, लेकीला घेऊन गावी गेले. संध्याकाळी अंगणात ताटं वाढली. बाबांचं स्टूल आईनं हलवलेलं नाही. दोन घास खाल्ले असतील, तोच कुंपणापलीकडे पाचोळा वाजला. कुत्रं असेल, डुक्कर असेल... तरीही उठले. ताट उचललं आणि स्टुलावर जाऊन बसले, झुडपांकडे तोंड करून.

“आई, माह्यावर रागावली काय?” मागून लेकीनं विचारलं.

“नाई व बाई. जेव तू,” मी म्हटलं, आणि वळून पाहिलं नाही.