रुवीच्या गच्चीवर वाढलेलं दुसरं पान

देव आहे की नाही, हा प्रश्न मी कावळ्यांवर सोडला होता, आणि कावळे उत्तर देत नव्हते.

दादा, माझा मोठा भाऊ, मालवणहून मासेमारीला गेला तो परत आलाच नाही. होडी सापडली, माणूस नाही. देह नाही म्हणून अग्नी नाही, आणि तिथीही नाही. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या. आई माझ्याकडे मस्कतला आल्यापासून दर वर्षी रुवीतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर त्याचं पान ठेवते, आणि दर वर्षी कावळा शिवत नाही. आता रुवीत कावळ्यांचा दुष्काळ असेल म्हणाल, तर आमच्या गच्चीवर इतके बसतात की खालच्या रस्त्यावर सावली पडते. बिर्याणी खाऊन असे माजलेत की त्यांना बघून मांजरं जिना उतरतात. पण दादाच्या पानाकडे पाठ. आईने सगळी वचनं देऊन पाहिली. तुझी पोरं शिकवू, बायकोला अंतर देणार नाही, होडी विकणार नाही. काही उपयोग नाही. यंदा तिने जाहीर केलं, कावळा शिवल्याशिवाय अन्न घेणार नाही. वय ऐंशीकडे, अंगात साखर, आणि स्वभाव मालवणी. म्हणजे खरंच घेणार नाही.

मी टुरिस्टांची गाडी चालवतो. अमावास्येला रजा मागितली तर आमचा अर्बाब, म्हणजे मालक, म्हणाला, "यल्ला, निझवा." निघ, निझव्याचा किल्ला दाखवून आण. मागच्या सीटवर हॉलंडची एक आजी, नव्वदीला टेकलेली, एकटीच. इतकी हलकी की उडून जाईल म्हणून मी एसी कमी केला. निम्म्या वाटेत बायकोचा फोन आला. आईंना चक्कर आली, तरी गच्चीवरून उठत नाहीत, साधा साखरेचा खडासुद्धा तोंडात घेत नाहीत. आजीने विचारलं काय झालं, तेव्हा मी सगळं सांगितलं. दादाला नेणारी लाट माझ्या तोंडी दर वेळी एक मजला वाढते, तशी त्या दिवशीही वाढली असावी.

बाहेरच्या उघड्या डोंगरांकडे बघत ती शांतपणे बोलू लागली. ती ज्यू. लहान होती तेव्हा युद्धात जर्मनांनी त्यांचा देश घेतला. आधी कोटावर पिवळा तारा शिवायला लावला, मग शाळा बंद, बागेतलं बाकडंसुद्धा बंद. मग माणसं गुरांच्या डब्यांतून नेली. आई, बाबा आणि धाकटा भाऊ ब्राम त्यात गेले, ते छावणीत विषारी वायूने मारले गेले. हिला एका शेतकऱ्याने गोठ्याच्या माळ्यावर लपवलं आणि बजावलं, तुझं नाव विसर, घरच्यांचीही विसर. "कबर नाही," ती म्हणाली, "नक्की दिवस कोणता, तेही मला ठाऊक नाही. तुमच्यात अशांसाठी दिवस असतो?"

"आज," मी म्हणालो.

"मग गाडी वळवा."

गच्चीवर आई भिंतीला टेकून बसली होती. ओठ सुकलेले, नजर पानावर. "ह्यां कोण रे?"

"पाहुणी. हिच्या माणसांका लढाईत मारल्यानी, आई. ज्यू म्हणान. तिथी म्हायत नाय."

आईने तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "मगे तेंचां पान खंय?"

बायकोने दुसरं पान आणलं. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर. आईने गोत्र विचारलं. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप, हा आपल्याकडचा जुना नियम मी आजीला समजावला, हरकत नसेल तरच, असंही म्हणालो. ती म्हणाली, "आम्हाला कुणी आपल्या कुळात घेतंय, हे पहिल्यांदाच ऐकते." मग तिने एकेक नाव उच्चारलं, हळू, जणू माळ्यावरून कुणी ऐकेल. आईने प्रत्येक नाव आपल्या जिभेवर वळवून घेतलं. "ब्रामा, ये रे बाबा. जेव." आजी डोळे मिटून तिच्या भाषेतली प्रार्थना पुटपुटत राहिली.

कठड्यावरून एक कावळा उतरला. ब्रामच्या पानातला वडा त्याने उचलला, आणि मग दोन उड्या मारून दादाच्या खिरीत चोच घातली. गच्चीवर कुणी हललं नाही. या जागी मला एरवी शंभर कावळे सुचले असते. होता एकच.

आई रडत नव्हती, दादाच्या पानाकडे बघून हसत होती. "मेल्यान माका सांगूक नाय. ह्यो एकटो कधी जेवलो? पंगतीक कोणतरी लागायचोच."

मला काय झालं ते सांगता येत नाही. हात आपोआप जोडले गेले. आम्ही दादाला वचनांमागून वचनं देत होतो, आणि त्याची सोबत समुद्रापलीकडच्या एका घरात, इतकी वर्षं कुणी बोलावण्याची वाट बघत होती. कावळा भुकेला होता, असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. तो रोजच भुकेला असतो.

निझवा राहिलं ते राहिलंच. दोघी म्हाताऱ्या चटईवर शेजारी शेजारी बसल्या. आईने पहिला घास घेण्याआधी आजीच्या पानात अजून एक वडा टाकला आणि तिला दटावलं, "खा गो, वाळान गेलंस." आजीला शब्द कळला नाही, पण तिने वडा मोडून अर्धा आईपुढे धरला. आईने तो खाल्ला.

तेव्हापासून मी देवाकडे काही मागत नाही. आपण पान वाढावं, नाव घ्यावं आणि बाजूला व्हावं. पंगतीत कोणाशेजारी कोण बसेल, ते त्याच्याकडे.