ब्रेक चांगले होते

"तासाला बावन्न," डॉक्टर म्हणाले आणि रिपोर्ट माझ्याकडे वळवला. "झोपेत तुमचा श्वास तासाला सरासरी बावन्न वेळा अडतो."

मी ट्रकचालक. गाडीचं अ‍ॅव्हरेज, टायरमधली हवा, मालाचं वजन सगळं तोंडपाठ ठेवणारा. रात्रभराचा गुणाकार मी खुर्चीतच केला. शेजारी बसलेली माझी पत्नी महादेवी म्हणाली, "पण डॉक्टर, हे तर लई घोरतात. गाढ झोप असते की यांची."

"घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे. अडलेली हवा वाट काढते, त्याचा तो आवाज."

आजाराचं नाव ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत घसा सैल पडून श्वासाची वाट बंद होते. मेंदू दचकतो, श्वास सुरू होतो, पुन्हा अडतो. सकाळी यातलं काहीच आठवत नाही. एअर फिल्टर तुंबलेली गाडी रात्रभर घाट चढते, असं समजा.

लक्षणं समोरच होती. सकाळी डोकं जड असायचं. वजनकाट्याच्या रांगेत डोळा लागायचा. न्हाव्याने साबण लावेपर्यंत मी झोपलेला असायचो. आमच्या ट्रान्सपोर्टमध्ये मात्र याचं कौतुक. "झोपावं तर मल्लूअण्णांसारखं, पाठ टेकली की संपलं," असं नव्या ड्रायव्हरांना सांगत. कुठेही झोप लागणं हा आमच्या धंद्यात मोठा गुण.

मग ती दुपार आली. हैदराबादला चादरी उतरवून रिकामी गाडी सोलापूरकडे आणत होतो. आदल्या रात्री पुरेसा झोपलो होतो, निदान मला तसं वाटत होतं. नळदुर्ग मागे पडलेलं आठवतं. त्यानंतर आठवतो तो चाकाखालच्या खडीचा आवाज आणि समोर चहाची टपरी. ब्रेक दाबला. बंपर बाकड्यापासून हातभर अंतरावर थांबला. बाकड्यावर एक म्हातारी होती. तिला उठायलाही वेळ मिळाला नव्हता.

खाली उतरलो. कुणीतरी कॉलर धरली. म्हातारीने कप खाली ठेवला. "झोपला हुतास व्हय रं?"

गाडीच्या मालकांना, आमच्या शेठना फोन लावला. ते म्हणाले, "ब्रेक लागला नाही म्हणून सांग. सगळे तेच सांगतात."

खरंच सगळे तेच सांगतात. माणूस मेला तरी दोष ब्रेकवर जातो. ब्रेक दुरुस्त होतात आणि ड्रायव्हर तसाच पुन्हा रस्त्यावर येतो. पण इथे ब्रेक चांगले होते म्हणून ती म्हातारी जिवंत होती. मी म्हणालो, "शेठ, ब्रेक चांगले होते. मी झोपलो होतो." म्हातारीलाही हात जोडून तेच सांगितलं.

"मग आता घरला कसा जाशील?" तिने विचारलं. शेठनी दुसरा ड्रायव्हर पाठवेपर्यंत तिने मला तिथून हलू दिलं नाही.

महादेवीने मला दवाखान्यात नेलं. पॉलिसोम्नोग्राफी म्हणजे झोपेची तपासणी झाली. डोक्याला, छातीला, पायांना वायरी लावून एक रात्र झोपायचं, बाकी मोजमाप यंत्र करतं. रिपोर्टची वाट पाहतानाही मी बाकावर पेंगत होतो आणि महादेवी कोपराने ढोसत होती.

"पुन्हा गाडी चालवता येईल?" मी डॉक्टरांना विचारलं.

"उपचार लागू पडेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही. आकडा खाली आला तर मीच जा म्हणेन. नाही आला तर मीच अडवीन."

उपचार म्हणजे सीपॅप. नाकावर मास्क लावून झोपायचं. यंत्र हलक्या दाबाने हवा सोडत राहतं, त्यामुळे घशाची वाट उघडी राहते. सुरुवातीला गुदमरल्यासारखं झालं, झोपेत मास्क ओढून फेकला. "आता ट्रक सोडा, विमानच चालवा की," महादेवी हसली. मास्कचा आकार बदलून घेतला आणि मग जमलं. एका सकाळी उठलो तर डोकं हलकं होतं. तरुणपणानंतर पहिल्यांदाच. महादेवीचे डोळे मात्र तांबारले होते. घोरणं थांबलं म्हणून ती रात्रभर माझ्या नाकापुढे हात धरून बसली होती.

त्या काळात शेठनी गोदामात काम दिलं. तिथे ड्रायव्हर एकेकटे येऊन हळूच म्हणत, "अण्णा, मी पण घोरतो." मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवत राहिलो.

मास्क लावून पुन्हा तपासणी झाली. आकडा आला तीन. डॉक्टरांनी त्याखाली रेघ ओढली आणि म्हणाले, "जा."

माझ्या केबिनमध्ये आता इन्व्हर्टर आहे, त्यावर यंत्र चालतं. आमच्या आणखी दोघांना हाच आजार निघाला, तेही उपचार घेऊन गाडीवर आहेत. निघताना शेठ टायर-ब्रेकच्या आधी झोपेचं विचारतात. झाली नाही म्हटलं की माल थांबतो. तुमच्या घरात कुणी घोरत असेल आणि दिवसा पेंगत असेल, तर त्याच्या झोपेचं कौतुक करू नका. त्याला तपासून घ्या.

पहिल्याच फेरीला त्या टपरीवर गाडी नीट बाजूला लावली. म्हातारी तिथेच होती. तिने मला खालीवर पाहिलं.

"झोप झाली का आज?"

"झाली, आजी."

"मग बस की."

ती बाकड्यावर सरकली, रस्त्याकडे पाठ केली आणि निवांत चहा पिऊ लागली.