दोन घरांत एक पेपर

बडनेऱ्याला आमच्या घरी पेपर येतो तो अर्धाच. उरलेला अर्धा शेजारी जातो. माझे बाबा आणि शेजारचे काका रेल्वेच्या एकाच गँगमध्ये होते. रूळ तपासायचे, रूळ जखडणाऱ्या चाव्या ढिल्या झाल्या की ठोकायच्या, स्लीपरखाली गिट्टी भरायची, हे त्यांचं काम. क्वार्टरमध्ये राहत असताना दोघांनी मिळून एक पेपर लावला. पुढे दोघं निवृत्त झाले, जुन्या वस्तीत शेजारी शेजारी घरं बांधली, तरी पेपर एकच राहिला. सकाळी बाहेरचे ताव आमच्याकडे, आतले काकांकडे. दुपारची जेवणं झाली की कंपाउंडच्या भिंतीवरून अदलाबदल.

त्यामुळे आमच्या घरात बातम्यांवरची मतं सकाळी तयार होत आणि बातम्या दुपारी पूर्ण होत. पहिल्या पानावरची मोठी बातमी अर्ध्यात थांबायची. खाली लिहिलेलं असायचं, उर्वरित पान सातवर. पान सात भिंतीपलीकडे. बाबा थांबत नसत. जेवढं वाचलं तेवढ्यावर ते बोलून मोकळे होत. दुपारी पान सात हातात आलं, की ते त्यावर एक नजर टाकत आणि म्हणत, "तेच असन." वाचत नसत.

मला वाचायला शिकवलं ते शाळेनं, पण वाचायची सवय लावली या अर्ध्या पेपरनं. आठवीत असताना बाबांनी पेपर माझ्या हाती दिला. मोठ्यानं वाच म्हणाले. मी वाचायची आणि ते ऐकत ऐकत दाढी करायचे. बाबा स्वतः सातवीपर्यंत शिकलेले. जोडाक्षरावर ते अडखळत, आणि अडखळलेलं कोणी ऐकलेलं त्यांना आवडत नसे. पुढे मी अमरावतीला कॉलेजात गेले, रसायनशास्त्र घेऊन एम.एस्सी. झाले, आमच्या घराण्यातली पहिली. आज अकोल्यात ज्युनिअर कॉलेजात शिकवते. हे सगळं कोणामुळे झालं, असं मला कोणी विचारलं तर सांगायला पुष्कळ नावं आहेत. विहारातल्या वाचनालयात दिवा लावून ठेवणारे, फॉर्म भरून देणारे, बसच्या पासवर सही करणारे. पण सगळ्यात आधी दाढीला साबण लावलेला तो चेहरा आठवतो. डोळे मिटून आरशासमोर बसलेला, पुढचं वाक्य कधी येतं याची वाट पाहणारा.

कोणतीही बातमी असो, बाबांची प्रतिक्रिया माणसांपाशी येऊन थांबायची. आपलं यान चंद्रावर उतरलं, त्या दिवशी मी अकोल्याहून फोन केला. मला वाटलं ते खूश असतील. होतेही. पण म्हणाले, "चांगलं झालं. पण तिथं लाईन टाकाची म्हटलं, तर गिट्टी कुठून आनन? आन गँग किती मानसांची लागन?" एखादा पक्ष फुटला की म्हणत, "इंजिन बदललं. डबे तेच हायेत." एका मोठ्या कंपनीनं दुसरी विकत घेतली, ही बातमी मी त्यांना समजावून सांगत होते. शेअर म्हणजे काय, विलीनीकरण म्हणजे काय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्या दुसरीतल्या मानसांचं काय केलं?" ते बातमीत नव्हतं.

त्यांना हे का सुचायचं, ते मला उशिरा कळलं. गिट्टी भरणारं मशीन लाईनवर आलं तेव्हा मी लहान होते. आठ दिवस गँग उभी राहून त्या मशीनकडे पाहत होती, असं काका सांगतात. दोन वर्षांत गँग अर्धी झाली. कोणी भुसावळकडे गेलं, कोणी नागपूरकडे. बाबांची बदली धामणगावला झाली. काही वर्षं ते रोज जाऊन येऊन करत. घरी या गोष्टीचा कोणी उच्चार करत नसे.

माझ्या धाकट्या बहिणीसाठी स्थळ मीच आणलं. मुलगा मूळ अकोल्याचा, पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत. त्याचे वडील शाळेत शिपाई होते, तोही त्यांच्या घरातला पहिला शिकलेला. बहिणीला तो आवडला होता. तिनं तसं मला सरळ सांगितलं, आणि तिनं सरळ सांगितलं म्हणजे ते पक्कं असतं. ती भातकुलीला आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे, फिरवून बोलायला तिला वेळ नसतो. आमच्याकडे मुलीसाठी अजूनही सरकारी नोकरीवाला मुलगा पाहतात. बाबांनी कंपनीवाल्याला हो म्हणायला दोन महिने घेतले. शेवटी म्हणाले, "ठीक हाय. येऊ द्या. साक्षगंधाची तारीख काढू." साखरपुड्याची तारीख काढायला त्यांनी आमच्याकडे यायचं, त्यासाठी रविवार ठरला. मुलगा पुण्याहून शनिवारी घरी येणार आणि रविवारी सकाळच्या गाडीनं आई-वडिलांसोबत अकोल्याहून निघणार. मी आदल्या दिवशीच बडनेऱ्याला येऊन राहिले.

रविवारी सकाळी आई पोह्यांची तयारी करत होती. बहीण न्हाऊन केस वाळवत होती. बाबांनी पेपर माझ्यासमोर धरला. पहिल्याच पानावर होतं: एका संगणक कंपनीनं मोठी नोकरकपात जाहीर केली आहे आणि ती कामं आता एआय करणार आहे. मुलाची कंपनी तीच होती. मी शेवटपर्यंत वाचलं, म्हणजे उर्वरित पान सातवर इथपर्यंत.

बाबांनी विचारलं, "खरं असन का व हे? तू शिकलेली हायेस, सांग."

मी सांगितलं. वर्गात सांगते तसं सांगितलं. की हे होणारच होतं. की यंत्रं आधी हातांची कामं घेतात, मग डोक्याची. की पुढच्या काळात पुष्कळ नोकऱ्या जातील, काही नव्या येतील, कोणत्या ते आज कोणी सांगू शकत नाही. मी बरंच बोलले. मला वाटलं ते बातमीबद्दल विचारत आहेत. सकाळची बातमी, सकाळचं मत, तीस वर्षं चालत आलेलं. सोयरिकीबद्दल विचारत आहेत हे माझ्या डोक्यात आलं नाही. एवढं शिकून ते माझ्या डोक्यात आलं नाही, हे इथे लिहून ठेवते.

बाबा उठले, अंगणात गेले. कोणाशी तरी फोनवर बोलत होते. परत आत आले आणि आईला म्हणाले, "पोहे राहू दे. त्याइले सांगतलं मी, नोका येऊ म्हनून."

आईच्या हातात चाळणी तशीच राहिली. "काय सांगतलं?"

"या पोरीनंच वाचून दाखवलं ना. नोकरीचा भरोसा नाई. मी माई पोरगी तशा घरात नाई देत."

बहीण दारात आली. केस ओले होते. तिनं माझ्याकडे पाहिलं. बाबांकडे नाही, माझ्याकडे. मग विचारलं, "ते कुठं होते?"

"गाडीतच होते. मुर्तिजापूर येऊन राहिलं होतं म्हने. तिथंच उतरतो म्हनले."

भिंतीपलीकडे काकांना सगळं ऐकू गेलं असणार. आमच्या भिंतीला तेवढी उंची नाही. ते वेळेआधीच आतले ताव घेऊन आले. दुपारपर्यंत थांबले नाहीत, ही गोष्ट माझ्या आठवणीत पहिल्यांदा घडली. बाबा म्हणाले, "आता कायले आनला? अकराही नाई वाजले." काका म्हणाले, "धर गा. सोयरीक मोडाची तं पुरी बातमी वाचून मोड. अर्ध्यातच काहून मोडून राहिला?"

पान सात बहिणीनंच घेतलं. उभ्यानं वाचलं, मोठ्यानं. कपात कंपनीच्या परदेशातल्या ऑफिसात होती. इथल्या लोकांबद्दल निर्णय झालेला नव्हता. होणार नाही असंही लिहिलं नव्हतं. मी मनातल्या मनात काहीतरी चांगलं वाक्य शोधत होते आणि ते त्या पानावर नव्हतं.

"पाहा," बाबा म्हणाले. "तेच हाय. आज तिकडं, उद्या इकडं."

बहिणीनं पेपर खाटेवर ठेवला आणि मोबाइल घेतला. आमच्या घरात साक्षगंधाआधी मुलीनं मुलाला बापासमोर फोन लावल्याचं मी पाहिलेलं नाही. तिनं स्पीकर लावला.

"तुमी कुठं हाय?"

"मुर्तिजापूरच्या स्टेशनवर," मुलाचा आवाज आला. "परतीची गाडी लेट आहे."

"पेपरात आलं ते वाचलं का?"

"वाचलं. काल रात्रीच मेल आला होता. तिकडच्या लोकांना काढल्याचा."

"तुमची नोकरी जाईन का?"

आई चाळणी घेऊन तशीच उभी होती. मी पाहत होते, काका बाबांकडे पाहत होते, बाबा भिंतीकडे.

"जाऊ शकते," तो म्हणाला. "तुमच्या घरी आल्यावर मी सांगणारच होतो. खोटं काय सांगू. गेली तर दुसरी शोधीन. नाही मिळाली पुण्यात तर अकोल्यात येऊन काहीतरी करीन. बसून राहणार नाही, एवढंच सांगू शकतो."

"मले तेवढंच पायजे होतं," बहीण म्हणाली. "एक मिनिट थांबा, ठेवू नका."

तिनं फोन बाबांसमोर धरला. बाबांनी घेतला नाही. म्हणाले, "बोलाले काय जाते? बोलते सारेच. नोकरी गेल्यावर घरात काय होते, ते त्यानं पाह्यलं नाई."

"मी पाह्यलं," आई म्हणाली. ती फारशी बोलणारी बाई नाही, आणि बोलली तेव्हा आवाज वाढवला नाही. "तुमची गँग अर्धी झाली तवा तुमी दोन वर्सं घरात कोनाशी बोलले नाई. पहाटंची गाडी धरून धामनगावले जात होते. मी गेली का माहेरी? माया बापानं म्हटलं का, पोरगी परत आना, याच्या कामाचा भरोसा नाई?"

फोन चालूच होता. तिकडं पलीकडे तीन माणसं हे ऐकत होती, हे आईला ठाऊक होतं की नाही, ते मी अजून विचारलेलं नाही.

काका हळूच म्हणाले, "वयनीनं बरोबर पकडलं."

"तू चूप बस," बाबा म्हणाले. पण फोन त्यांनी घेतला. कानाला लावला, स्पीकर चालू असतानाच. घसा साफ केला. मला वाटलं आता ते माफी मागतील, किंवा नाही म्हणतील. दोन्ही त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"कोनत्या फलाटावर हाय तुमी?"

मुलानं सांगितलं.

"तिथं नोका बसू. पुलावरून पलीकडे या. आईले हळू चढवा, पायऱ्या उंच हायेत तिथच्या. इकडं येनारी गाडी आता येते, ती लेट नसते. मधल्या डब्यात बसा, बडनेऱ्याले उतरल्यावर चालनं कमी पडते. मी येतो स्टेशनवर."

फोन बहिणीच्या हाती देऊन ते शर्ट बदलायला आत गेले. बाहेर आले तेव्हा मी काहीतरी म्हणू पाहत होते, की बाबा, माझ्याकडूनच चूक झाली, मी उगाच एवढं बोलले. त्यांनी हातानं थांबवलं. "तू तं बातमी सांगतली," ते म्हणाले. "बातमीचं काय चुकलं?" आणि चपला घालून गेले. मला त्यानं बरं वाटलं नाही. बहिणीनं तर पुढचा आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं, आणि ते मला रास्त वाटलं.

पाहुणे साडेबाराच्या सुमारास आले. मुलाचे वडील आधी अंगणात शिरले, ऊन लागून चेहरा लाल झालेला. काकांनी विचारलं, "प्रवास कसा झाला?" ते खुर्चीत बसत म्हणाले, "चांगला झाला. मुर्तिजापूर पाहाचं राहिलं होतं, तेही झालं." बाबा हसले नाहीत. त्यांनी पाहुण्यांची खुर्ची धरली, माणसासकट जरा ओढली आणि कडुनिंबाच्या सावलीत आणून ठेवली. मग मुलाकडे वळून विचारलं, त्याच्या कामात नेमकं काय करावं लागतं. तो सांगू लागला. बाबांना त्यातलं फार काही कळलं नसावं. पण मधे त्यांनी थांबवलं नाही आणि माझ्याकडे वळून मला समजावून सांगायलाही सांगितलं नाही. अर्धा तास ते त्याचंच ऐकत बसले. आत आई पोहे परतत होती आणि बहीण, कोणी बोलवायच्या आधीच, पाण्याचे ग्लास घेऊन बाहेर आली.