रिकाम्या बसचं वजन

मी कोकणातला, पण भुतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मला चीड येते. आमच्या गावी दर पिंपळाला एक मुंजा वाटून दिलेला असतो आणि तो सांगणाऱ्याने कधीच पाहिलेला नसतो, पाहिलेला असतो त्याच्या मामाने. तेव्हा मी आता जे लिहितोय ते कुणाच्या मामाचं नाही, माझं आहे आणि ते टायरांबद्दल आहे.

मुंबईत मी बरीच वर्षं डबलडेकर बस चालवली. त्या वेळी ड्रायव्हरची केबिन वेगळी असायची, पुढे उजवीकडे, इंजिनाला खेटून, एकट्याची. मागे कोण चढलं, कोण उतरलं, काही दिसत नसे. कंडक्टरची एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. बाकीचं मला चाकांकडून कळायचं. वळणावर गाडीला खरं तर सरळच जायचं असतं. टायर रस्ता धरून ठेवतात आणि तिला बळेच वळवतात. मग भार बाहेरच्या चाकांवर जातो, आतली चाकं हलकी होतात, आणि वरचा मजला भरलेला असला तर गाडी अशी कलते की नवख्या ड्रायव्हरला घाम फुटावा. वर रिकामं असेल तर ती तेवढी कलत नाही, खडखडत उड्या मारत जाते. स्टिअरिंग हातात आलं की वर माणसं आहेत की नाहीत हे मी सांगू शकत असे. यात हुशारी कसली? रोज बाजारहाट करणाऱ्या बाईलाही पिशवी उचलल्याबरोबर कळतंच की आत बटाटे किती.

संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलं होतं त्या दिवसांतली ही गोष्ट. माझी गाडी गिरगावात होती, तिथे सकाळपासून दगड, अश्रुधूर आणि गोळीबार चालू होता. लालबाग-परळकडूनही गोळीबाराच्या बातम्या येत होत्या. दुपारी हुकूम आला की उतारू उतरवा आणि गाडी रिकामी करून लालबागच्या पुढे डेपोत आणा. मी निघणार तेवढ्यात आमच्या लालबागच्या चाळीतला एक शेजारी पायी धापा टाकत येताना दिसला.

"अरे, तुझो बापूस सकाळपासून घरात नाय," तो म्हणाला. "म्हातारी रडून रडून अर्धी झाली."

वडील बहिरे होते. जन्मापासून नव्हे, गिरणीच्या विणखात्यात आयुष्यभर साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवले, त्या खडखडाटात कान गेले. काम सुटलं तरी रोज गिरणीच्या फाटकापर्यंत चक्कर मारल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. आणि आज रस्त्यारस्त्यावर बंदुका घेतलेले शिपाई उभे होते. ते आधी "थांब!" म्हणून ओरडणार आणि माझा बाप ते न ऐकता चालत राहणार, एवढंच मला डोळ्यांपुढे दिसत होतं.

माझा कंडक्टर साताऱ्याकडचा. तो मला कोकण्या म्हणे, मी त्याला घाटी. तो वर-खाली फिरून आला आणि म्हणाला, "झाडून रिकामी हाय. चल, म्हातारा सापडंल." दोन घंट्या झाल्या.

रस्ते ओस पडले होते. दुकानांना फळ्या लागलेल्या, ट्रामचे रूळ उन्हात चकाकत होते आणि त्यांवर ट्राम नव्हती. चाळींच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेली धोतरं तेवढी हलत होती. मी गाडी दामटली.

पहिल्याच मोठ्या वळणावर ती कलली. ते माझ्या हातांना आधी समजलं आणि मग मला. बाहेरची चाकं दबली, आतली उचलल्यासारखी झाली, वरचं वजन सावकाश एका अंगाला झुकलं आणि वळण संपल्यावर सावकाश परत आलं. उभं राहायला जागा नसते तेव्हा गाडी अशी वळते. मी गाडी बाजूला घेतली आणि उतरून मागे गेलो.

"वर कोण आहे?"

"कोण असनार?" कंडक्टर चिडला. "आत्ता बगून आलो न्हवं?"

"पुन्हा बघ."

तो धाडधाड वर गेला आणि तसाच खाली आला. "कुत्रं पन न्हाई. डोकं ठिकाणावर हाय का तुजं?" मी गाडीभोवती फिरून एकेका टायरला लाथ घातली. सगळे टणक होते. हवा कमी असती तर किती बरं झालं असतं!

पुढे भायखळ्याचा पूल चढताना इंजिन कण्हायला लागलं. उतारावर ब्रेक लावला की सगळा भार पुढच्या चाकांवर यायचा आणि स्टिअरिंग खांद्यातून ओढत बसावं लागायचं. मला घाई होती आणि गाडी मला घाई करू देत नव्हती. मी तिला आईबहिणीवरून शिव्या दिल्या. मग एकदम गप्प झालो, कारण वर कुणी ऐकत असेल असं मला वाटलं. मला भीती वाटत होती, हे लिहायला आता लाज कसली?

लालबागला वळलो आणि समोर, ट्रामच्या रुळांच्या मधोमध, माझा बाप चालत होता. पाठमोरा, हात मागे बांधून, आपल्याच तंद्रीत. हॉर्नचा उपयोग नव्हता. लोखंडी रुळावर रबर धरत नाही. रिकाम्या डबलडेकरला तिथे करकचून ब्रेक मारला तर भार पुढे धावतो, मागची चाकं हलकी होऊन जाम होतात आणि गाडीचं शेपूट घसरत आडवं येतं. दुसऱ्यांच्या गाड्यांचं तसं झालेलं मी पाहिलं होतं. तरी ब्रेक मारण्यावाचून इलाज नव्हता.

शेपूट घसरलं नाही. मागची चाकं कुणी दाबून धरावीत तशी रस्त्याला चिकटून राहिली आणि गाडी वडिलांच्या पाठीशी हातभर अंतरावर उभी राहिली. इंजिनाची धग लागली तेव्हा ते वळले.

"खय होतंस?" त्यांनी मलाच विचारलं.

मला रडू आलं आणि संतापही आला. बहिऱ्या माणसावर ओरडून काय होणार? दंडाला धरून त्यांना मागच्या दाराशी नेलं. वरच्या मजल्यावर बसायची त्यांना हौस, म्हणून ते कठडा धरून जिना चढले. शेवटच्या पायरीवर थांबले, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूहळू खाली उतरले.

"वर जागा नाय," ते बहिऱ्यांच्या मोठ्या आवाजात म्हणाले. "माणसां बसली हत."

कंडक्टर जिन्यापासून दोन पावलं मागे सरला. मी जिन्याची एक पायरीही चढलो नाही. वडिलांना खाली दाराजवळच्या बाकावर बसवलं आणि केबिनमध्ये आलो. दोन घंट्या झाल्या.

पुढच्याच स्टॉपपाशी एक घंटी झाली. मी थांबलो. फुटपाथवर कुणी नव्हतं. जराशाने दोन घंट्या झाल्या आणि मी निघालो. असं प्रत्येक स्टॉपवर झालं, आणि प्रत्येक वेळी स्टिअरिंग थोडं हलकं झालं. शेवटी आमच्या चाळीसमोर वडील उतरले. तिथून डेपोपर्यंत गाडी मोकळ्या डब्यासारखी खडखडत गेली.

डेपोत मी कंडक्टरला विचारलं, "घंट्या का देत होतास?"

तो खाली बघत म्हणाला, "तुजा बा स्टॉप आला की पाय आत घ्यायचा. उतरनाऱ्याला वाट द्यावी तसा. मग घंटी कशी देऊ नको?"

मी पायी घरी आलो तेव्हा आई वडिलांना जेवायला वाढत होती आणि रडत रडत त्यांना बोल लावत होती. ते निवांत भात कालवत होते. आमच्या गॅलरीत, समोरच्या चाळीत, खाली रस्त्याच्या कडेला, जिकडेतिकडे बायका वाट बघत उभ्या होत्या. त्यांची माणसं अजून आली नव्हती. काहींची पुढे कधीच आली नाहीत. "तुमची माणसं माझ्या गाडीने आली, मी त्यांना त्यांच्या स्टॉपवर नीट उतरवलं," असं त्यांना ओरडून सांगावं, असं मला फार वाटलं. पण मी आमचं दार लोटून घेतलं आणि वडिलांशेजारी जेवायला बसलो.