धाकटीने ग्रुपवर विचारलं

धाकट्या जावेचा मला हेवा वाटतो, हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. दिंडोशीला आमची दारं समोरासमोर आहेत. भरतकामाचं कॉम्प्युटरवालं मशीन आधी मी घेतलं, मागाहून तिने. अगदी तेच.

मी मशीन शिकले ती मॅन्युअल वाचून. इंग्रजी अडायचं, मग एकेक शब्द फोनमध्ये शोधायचा, चिंध्यांवर करून बघायचं, बिघडलं की उसवायचं. कोणाला विचारणं माझ्या स्वभावातच नाही. आपलं अडाणीपण जगाला कशाला दाखवा?

धाकटीला असली लाज नाही. अशी मशीनं चालवणाऱ्या बायकांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे. त्यावर ती फोटो टाकते. "ताई लोक, वाट लागली, सांगा ना कोणीतरी." चहा गाळून होईपर्यंत उत्तरं हजर. कुठली नाशिकची, कुठली नागपूरची, "अगं वेडे, असं कर" म्हणून हिला समजावते. मला ज्याला महिना लागला ते हिला चहाबरोबर मिळतं. आणि उत्तरांपेक्षाही मला ते "अगं वेडे" खुपायचं.

सुरुवातीला ती मलाच विचारायला यायची. एकदा सुई सारखी तुटते म्हणून आली. "मॅन्युअलमध्ये आहे की," मी म्हटलं, "वाच." ती "बरं ताई" म्हणून गेली. पुन्हा काही विचारायला आली नाही. मग मीच त्या ग्रुपात शिरले, भलत्या नावाने, आणि तिचे प्रश्न वाचत बसू लागले.

गेल्या लग्नसराईत तिला बोरिवलीच्या एका नवरीचे ब्लाउज मिळाले. ते काम माझ्याकडेच यायचं होतं, असं मी मनाशी धरलं होतं. खरं तर तसं काही नव्हतं. एका दुपारी ग्रुपवर तिचा फोटो आला. मरून रंगाच्या बाहीवर जरीच्या फुलांतून खालचा पांढरा दोरा वर डोकावत होता. संध्याकाळी नवरीची आई बाह्या बघायला येणार होती.

उत्तरं धडाधड आली. सुई बदल. दोरा बदल. मेकॅनिकला बोलाव. तिने सगळं केलं. दरवेळी नवा फोटो, पांढरं तसंच.

मला कारण माहीत होतं. खालचा दोरा गुंडाळलेली बॉबिन ज्या डबीत बसते, तिला एक पातळ पट्टी असते. तिच्याखाली कचरा अडकला की खालचा दोरा सैल पडतो आणि वर येतो. लग्नपत्रिकेचा कोपरा पट्टीखालून फिरवायचा, झालं. हे शोधण्यात माझा अख्खा पितृपक्ष गेला होता.

मी फोन धरून बसून राहिले. बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

मग कोणीतरी तिला विचारलं, तुमच्याकडे अजून कोणाचं मशीन नाही का? तिने लिहिलं, "जाऊबाईंचं आहे. त्यांना माहीत असणारच. पण त्या एवढ्या खपून शिकल्यात, मी आयतं कसं मागू?"

तिने माझी तक्रार केली असती तर मी जागची हलले नसते.

कपाटातली जुनी पत्रिका घेऊन समोर गेले. "काय गं, मशीन बंद का?" असं, जसं काही ठाऊकच नाही. तिने डबी पुढे केली. पत्रिकेच्या कोपऱ्यावर दोऱ्याचा भुगा निघाला. पुढचं फूल स्वच्छ उठलं.

"हे कसं कळलं तुम्हाला?"

"शोधलं. तू विचारायचंस ना."

"विचारायचे की," ती म्हणाली. नजर सुईवरच होती.

संध्याकाळी बाह्या पसंत पडल्या. तिने पत्रिकेची युक्ती ग्रुपवर लिहिली, वर लिहिलं, आमच्या ताईंनी दाखवलं. खाली बायकांची रांग लागली: बरं झालं तू विचारलंस, आमचंही काम झालं. कौतुक पुन्हा विचारणारीचंच. मला लागलं. पण इतके महिने ते मला ठाऊक होतं आणि एकीच्याही उपयोगी पडलं नव्हतं.

ते भलतं नाव मी अजून काढलेलं नाही, तिला सांगितलेलंही नाही. हल्ली ग्रुपवर तिचं काही अडलेलं दिसलं की मी पत्रिका घेऊन सहज म्हणून समोर जाते. तिला वाटतं, ताईंना कसं बरोबर कळतं.