मोहाच्या झाडांखालचं वावर

विमानातून काढलेले काळेपांढरे फोटो धुळ्याच्या आमच्या कचेरीत यायचे, तेव्हा साहेब ते पोथी उघडावी तसे उघडत. आसपासच्या जिल्ह्यांत हिरवं कुठे आणि किती, याचा नकाशा करायचं आमचं काम. शेजारशेजारचे दोन फोटो स्टिरिओस्कोपच्या भिंगांखाली ठेवले, की झाडं कागदातून वर उठायची. वर पारदर्शक कागद टाकून मी जंगल हिरव्या पेन्सिलीने रंगवायचो आणि शेती पिवळ्या पेन्सिलीने. मला ते काम फार आवडायचं, हे सांगताना आता राग येतो.

चोपड्याच्या वरचा, सातपुड्याच्या पायथ्याचा भाग आला तेव्हा घोळ झाला. झाडं दाट दिसत होती, पण मधूनमधून बांधासारखं काहीतरी होतं. मी एसटीने चोपडा गाठलं आणि पुढे पायी गेलो. ती वावरंच होती. त्या गावात शेतातला मोह कुणी तोडत नाही. जमिनीची वाटणी होते तशी झाडांचीही होते, आणि मोह तोडणाऱ्याच्या घरी कुणी जेवायला जात नाही. एक म्हातारे आबा झाडांखालून बैल वळवत ज्वारीसाठी नांगरत होते. त्यांनी मला भाकरी खाऊ घातली.

परत येऊन मी तो तुकडा पिवळा केला. साहेबांनी तो खोडला.

"एवढी झाडं दिसताहेत आणि म्हणे शेती! फोटो काय खोटं बोलतो?"

"साहेब, मी स्वतः तिथं भाकर खाऊन आलोय."

"मग पचली ना? हिरवं कर."

मी केलं नाही. मग त्यांनी स्वतःच केलं, आणि तेही रेषेबाहेर. खालच्या अंगाला एका बड्या बागायतदाराने झाडाझुडपांचा पार फडशा पाडून केळी लावली होती. तो तुकडा मात्र शेती म्हणून सुखरूप सुटला.

नकाशा पुढे गेला आणि वनखात्याच्या माणसांनी आबांचा नांगर थांबवला. आबा विचारत विचारत कचेरीत आले. साहेब भेटले नाहीत. मी त्यांना माझ्या टेबलाशी बसवलं, भिंगातून बघायला सांगितलं. ते भिंगांवर वाकले. मग एकदम हसले.

"अरे भाऊ, हाई ते मन्ही मायनं झाड!"

विहिरीजवळचा तो मोह त्यांच्या आईच्या वाट्याचा होता. मग त्यांनी डोळे वर केले. हसू गेलं होतं.

"हाई मन्हं वावर शे. तुन्हा कागदमा जंगल कसं व्हयनं?"

मी वरून झाडंच दिसतात वगैरे सांगितलं.

"मंग बठ्ठा झाडं तोडी टाकू का? तवय दिसी का मन्हं वावर?"

"एकही नका तोडू, आबा," मी म्हणालो. "पुढच्या वेळी दुरुस्त होईल." तेव्हा मला तसं खरंच वाटत होतं.

काही वर्षांनी नवे फोटो आले. मी आधी तोच भाग काढला. वावर स्वच्छ दिसत होतं, बांध न् बांध ओळखू येत होता. झाडं नव्हती. विहिरीजवळचं एक तेवढं भिंगाखाली वर उठलं.

साहेबांनी जुना नकाशा मागवून फोटोशेजारी ठेवला. "बघ, इथं जंगल होतं. तोडून अतिक्रमण केलंय."

"साहेब, हेच ते वावर. तेव्हा मी म्हणत होतो..."

त्यांनी ऐकलंच नाही. विहिरीजवळच्या त्या झाडाभोवती त्यांनी लाल गोल काढला.

"हे एक राहिलं बघ त्याच्या हातून. जंगल होतं याला आता दुसरा पुरावा कशाला?"