नव्या टीव्हीवर बदकं मरत नाहीत

"अहो, तुमच्या या टीव्हीला गोळी लागत नाही!"

आई इतक्या जोरात ओरडली की खाली सोसायटीच्या वॉचमनने घाबरून शिट्टी फुंकली. नायगावच्या आमच्या हॉलमध्ये ती पदर खोचून उभी होती. हातात नारिंगी प्लॅस्टिकची बंदूक, आणि बंदुकीची नळी पडद्यापासून जेमतेम वीतभर. पडद्यावर एक बदक फिरायला निघाल्यासारखं उडत होतं. आईने घोडा दाबला. खट्. बदक उडतच राहिलं, ढगात गेलं आणि जाता जाता, शपथेवर सांगते, त्याने मान वळवून आईकडे पाहिलं.

"शून्य," सोफ्यावरून आत्या म्हणाली. "वहिनी, चष्म्याचा नंबर वाढला का हो?"

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. अर्नाळ्याला दिलेली, तिथल्या शाळेतल्या मास्तरांना. दिवाळीच्या आधीच्या रविवारी ती दरवर्षी आमच्याकडे यायची ती फक्त बदकं मारायला.

आता हे बदकांचं प्रकरण सांगायलाच हवं. आजी गेली तेव्हा तिचं सोनंनाणं आई आणि आत्याने चहा संपायच्या आत गोडीगुलाबीने वाटून घेतलं. अडलं ते सोऱ्यावर. पितळी, वजनदार, डोक्यात घातला तर माणूस थेट आजीलाच भेटेल असा सोऱ्या. त्यात चांदणीची चकती बसवून पाडलेल्या चकलीला जे काटे यायचे, ते बाजारातल्या कुठल्याही सोऱ्याने येत नाहीत, यावर दोघींचं एकमत होतं. आयुष्यात तेवढंच.

बाबा सरकारी नोकरीत. भांडण मिटवायचं नसतं, दरवर्षी पुढे ढकलायचं असतं, हे ते ऑफिसात शिकले होते. घरात माझ्यासाठी आणलेला व्हिडिओ गेम होता, त्याच्यासोबत बंदूक होती, आणि बदकं मारायचा खेळ होता. बाबा म्हणाले, "दिवाळीआधी ज्याची बदकं जास्त, त्याच्याकडे वर्षभर सोऱ्या."

हे ते म्हणाले तेव्हा त्यांना आपली बायको काय चीज आहे हे ठाऊक नव्हतं. आईने बंदूक हातात घेतली आणि बदकांच्या कुळावर संकट आलं. पुढे पुढे तर ती तव्यावरची पोळी उलटायला आत जायची, बाहेर यायची, न बसता दोन बदकं पाडायची आणि दुसरी पोळी उलटायची. बदकं शेवटी शेवटी तिला पाहून स्वतःच गवतात जाऊन पडत, असं माझं मत आहे. आत्यानेही कसूर केली नाही. किनाऱ्यावर वाळत घातलेल्या बोंबलांवर कावळे बसायचे, त्यांच्यावर गलोल चालवून ती सराव करायची. मास्तर सांगायचे की अर्नाळ्याचे कावळे कंटाळून बेटावरच्या किल्ल्यात राहायला गेले. तरी सोऱ्या आमच्याकडेच राहिला. वर्षानुवर्षं.

आणि मग बाबा एक्सचेंज मेळ्याला गेले.

जुनं द्या, नवं न्या, असं कुठे लिहिलेलं दिसलं की बाबांचं भान सुटायचं. मिक्सर देऊन मिक्सर, इस्त्री देऊन इस्त्री. आई त्यांच्याबरोबर असल्या मेळ्याला कधी जायची नाही. आपण परत येऊ याची तिला खात्री नव्हती. त्या वर्षी त्यांनी आमचा पोटवाला जुना टीव्ही देऊन भिंतीवर टांगायचा सपाट टीव्ही आणला. कंपनीचं नाव आम्ही त्याआधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही. मुळात तो कॉम्प्युटरचा पडदा असावा आणि कुणीतरी त्याला रिमोट देऊन टीव्ही केलं असावं, असा मला आजही संशय आहे.

कारण त्याच्या पाठीला दुनियेतली सगळी भोकं होती. चपटी, लांबट, दातेरी, निळी. आमच्या गेमची पिवळी पिन जाईल असं गोल भोक तेवढं नव्हतं.

"मग रविवारी काय करायचं?" आईने विचारलं. आवाज एकदम बारीक झाला होता. "खेळलेच नाही तर वन्सं सोऱ्या उचलून नेतील."

"अॅडाप्टर मिळतो," बाबा म्हणाले.

मी तेव्हा नोकरीला लागले होते आणि ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसायचे, एवढ्या पात्रतेवर अॅडाप्टर निवडायचं काम माझ्यावर आलं. वसई स्टेशनसमोरच्या दुकानदाराने पहिली डबी दिली. एका बाजूला चपटं भोक, दुसऱ्या बाजूला पिवळं. घरी येऊन जोडली. पडदा काळा. बाबांना घेऊन परत गेले तर दुकानदार म्हणाला, "काका, हा नव्या मशीनवरून जुन्या टीव्हीवर जातो. तुम्हाला उलटा पायजे."

"भोकं दोन्हीकडे आहेत ना?" बाबा तापले. "मग उलटं जायला काय होतं? वसईहून विरारला जाणारा रस्ता विरारहून वसईला येत नाही?"

"येतो ना, काका. डबी नाय येत."

दुसरी डबी उलट्या दिशेची मिळाली. चित्र आलं, पण काळं-पांढरं, आणि जत्रेतल्या पाळण्यात बसवल्यासारखं वर जाऊन खालून परत येणारं. "या डबीचा देश वेगळा आहे," दुकानदार म्हणाला. बाबांनी त्याला डबीसकट देशाबाहेर घालवायची तयारी दाखवली.

तिसरी डबी रविवारी दुपारी हाती लागली. जोडली आणि हिरवं गवत, निळं आकाश! फक्त पडदा रुंद असल्यामुळे बदकं आडवी पसरली होती. प्रत्येक बदक म्हशीएवढं.

"बघ," बाबा छाती काढून म्हणाले, "एक्सचेंजमध्ये बदकंसुद्धा मोठी मिळाली. नेम धरायला सोपं."

बंदूक चालवून बघायला वेळच मिळाला नाही. दारात आत्या उभी होती, हातात सुकटीची पिशवी.

आई आधी लांबून खेळली, मग जवळून, मग सुरुवातीला सांगितलं तशी वीतभर अंतरावरून. म्हशीएवढी बदकं एकामागून एक सुखरूप घरी गेली. त्या बंदुकीतून काही सुटतच नाही, ती नुसती पडद्याचा उजेड बघते, आणि तोही जुन्या काचेच्या टीव्हीचाच, सपाट पडद्यापुढे ती ठार आंधळी, हे आम्हाला फार पुढे कळलं. त्या संध्याकाळी आईला एवढंच कळलं की आपला हात गेला. ती खाली बसली. मला पहिल्यांदाच तिची दया आली.

"आणा इकडे," आत्याने बंदूक घेतली. पण उठली नाही. संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज असं पडायचं की ट्यूबलाइट नुसती डोळे मिचकावायची, म्हणून बाबांनी छताला शंभरचा बल्ब टांगला होता. आत्या सोफ्यावर मागे रेलली, बंदुकीची नळी आपसूक त्या बल्बाकडे गेली. "दादा, यात काही दम नाही रे," म्हणत तिने घोडा दाबला.

बदक पडलं.

पडद्यापुढे आंधळ्या बंदुकीला बल्बाचा उजेड मात्र जुन्या टीव्हीचाच वाटला असणार. आत्याने बल्बाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि नळी तसूभरही न हलवता पुन्हा घोडा दाबला. दुसरं पडलं. मग तिने जो कत्तलीचा सपाटा लावला! पडद्याकडे न बघता, एका हाताने चहा पीत.

"हे चालणार नाही!" आई उसळली. "वन्सं छतावर गोळ्या मारतायत!"

"नेम कुठे धरायचा, हे काही ठरलं नव्हतं, वहिनी," आत्या म्हणाली.

आईने बाबांकडे पाहिलं. बाबा अॅडाप्टरच्या खोक्यावरच्या सूचना वाचू लागले. त्या चिनी भाषेत होत्या.

मग आई शांतपणे उठली. "देते. धुऊन, पुसून देते," म्हणत स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ वाहत होता. बाहेर आली ती वर्तमानपत्रात गुंडाळलेला सोऱ्या घेऊनच, आणि तो तिने हळदीकुंकू लावून आत्याच्या ओटीत ठेवला. आत्याचे डोळे पाणावले. जाताना ती वाटभर रिक्षावाल्यालाही सोऱ्याची कथा सांगत गेली असणार.

धनत्रयोदशीच्या सकाळी फोन वाजला. मी उचलला. अर्नाळ्याहून आत्या अशी ओरडत होती की फोनची गरज नव्हती.

"भाजणी मळून बसलेय मी! यात शेवेची चकती आहे, गाठीची आहे, चांदणीची कुठाय? तुझ्या आईला दे आधी!"

आई ओट्याशी भाजणी मळत होती. मी फोन तिच्या कानाला लावला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"चकतीचं काही ठरलं नव्हतं, वन्सं."